डोक्यातला उजेड मोजायला बालाघाटला

बालाघाटला मुद्दाम कोणी जात नाही. कान्ह्याचे वाघ बघायला निघालेली मंडळी बालाघाटावरून जातात, चहा पितात आणि पुढे सरकतात. मी मात्र तिथे चांगला मुक्काम ठोकून आले, आणि वाघ सोडाच, धड माकडसुद्धा पाहिलं नाही. मी गेले होते माणसांचे मेंदू बघायला.

घाबरू नका. मी डॉक्टर नाही आणि मांत्रिक तर नाहीच. पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत काम करते. आमच्याकडे एक काळी टोपी आहे. लहानपणी दिवे गेले की आपण बॅटरीच्या तोंडावर तळहात ठेवायचो आणि बोटं लालभडक उजळायची, आठवतं? तीच गंमत. टोपीत बारीक दिवे असतात. त्यांचा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, पण कातडी आणि कवटी ओलांडून थोडासा आत शिरतो आणि परत येतो. डोक्याचा जो भाग राबतो तिथे ताजं रक्त धावतं, आणि ताजं रक्त प्रकाश वेगळ्या तऱ्हेनं पितं. परत आलेला उजेड मोजला की संगणकाच्या पडद्यावर राबणारी जागा लाल दिसते. माणूस काय विचार करतोय ते यातून कळत नाही. डोक्याला किती कष्ट पडतायत एवढाच अंदाज येतो. हे वाक्य मी बालाघाटात इतक्यांदा म्हटलं की शेवटी आत्या ते स्वयंपाकघरातून माझ्याआधी म्हणायला लागली.

आम्हाला शोधायचं होतं ते असं: दोन भाषांत वाढलेला माणूस मनातल्या मनात हिशेब करतो, तेव्हा कुठली भाषा त्याला जास्त दमवते? पुण्यात अशी माणसं शोधायला गेलं की लोक आधी आपल्या इंग्रजीची तारीफ ऐकवतात. मी कुमुदआत्याला फोनवर हे रडगाणं सांगितलं. आत्या लग्न होऊन बालाघाटला गेली त्याला माझ्या वयाहून जास्त वर्षं झाली. ती म्हणाली, "दोन भाषांची माणसं पाहिजेत का तुला? मग इकडे ये. इथे माणूस एका भाषेत शिंकतो आणि दुसऱ्या भाषेत नाक पुसतो."

मी टोपी उचलली आणि निघाले.

गोंदियाच्या पुढे

पुणे ते गोंदिया हा प्रवास सगळ्यांना माहीत असलेल्या कंटाळ्याचा आहे, तो वगळते. गोंदियाला गाडी बदलली आणि हवाच बदलली. थंडीचे दिवस, दोन्हीकडे कापणी झालेल्या धानाच्या बांध्या, त्यांत गुरं सोडलेली, मधूनच पळसाची झाडं. डब्यात शेजारी एक बाई बसल्या होत्या. त्यांची नजर माझ्या मांडीवरच्या पेटीवर खिळलेली. शेवटी त्यांना राहवलं नाही.

"काय घेऊन चालल्या हो, एवढं जपून?"

मी सांगितलं, की डोकं किती काम करतं ते बघायचं यंत्र आहे. त्यांनी समोर तोंड उघडं टाकून झोपलेल्या नवऱ्याकडे पाहिलं. "आमच्या यायले लावून पाहा बरं. किती काम करते ते राहू द्या. हाय का नाही, एवढं समजलं तरी पुरे."

बालाघाट स्टेशनवर मला घ्यायला दोन वृद्ध उभे होते. एक आत्याचे यजमान, माझे वसंतकाका. वनखात्यातून मोठे बाबू होऊन निवृत्त झालेले, पंच्याहत्तरीला टेकलेले, पण डोक्यावर केस असे काळे, दाट आणि राठ, की पाहणाऱ्याचा हात आपोआप स्वतःच्या डोक्याकडे जावा. कपाळ म्हणाल तर दोन बोटं. गावातल्या निम्म्या लोकांची खात्री होती की काका रंग लावतात. तो संशय काकांना मनापासून आवडायचा.

दुसरे त्यांचे मित्र मेश्राम गुरुजी. आयुष्यभर हिंदी शाळेत भूगोल शिकवलेले, बारीक अंगाचे, आणि डोक्यावर एकही केस नसलेले. त्यांनी माझी पेटी हातात घेतली, वजन जोखलं आणि म्हणाले, "याच्यात डोकं मावते का पोरी? वसंताचं नाही मावणार. केसंच लई."

"जळते तो माह्यावर," काका मला म्हणाले. "तीस-चाळीस वर्षांपासून जळून राह्यला."

सांबार

पहिल्याच संध्याकाळी माझी फजिती झाली. आत्या म्हणाली, "कोपऱ्यावरून सांबार घेऊन ये, वड्या करते." मी कोपऱ्यावर गेले, तिथे भाजीवाली बसली होती, तिला ओलांडून पुढे वाण्याकडे गेले आणि सांबारमसाल्याचं पाकीट घेऊन आले. आत्याने पाकीट बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि कपाळाला हात लावला. इकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. तीही कधीकाळी नवी सून असताना हेच करून बसली होती म्हणे, फक्त तेव्हा पाकिटं मिळत नसल्यामुळे ती रिकाम्या हाताने परत आली होती. शेवटी काका जाऊन हिरवीगार जुडी घेऊन आले. रात्री पुडाच्या वड्या झाल्या, वर चिन्नोर तांदळाचा भात. त्याचा वास स्वयंपाकघरातून अंगणात आणि अंगणातून थेट शेजारच्यांकडे जातो. पुण्यात शेजाऱ्याच्या घरचा वास आला की आपण खिडकी लावून घेतो. इथे शेजारीण वाटी घेऊन आली.

जेवताना काका एकदम गंभीर झाले. "मंजू, तू दोन भाषांचे लोक पाहाले आली ना? लवकर पाहून घे. पोरगा जबलपूरले राहते. नातू फोनवर म्हणते, 'दादू, नमस्ते.' ह्या मोहल्ल्यात हिंदी न मिसळता मराठी बोलाले मले आता दोनच माणसं उरले. एक तुझी आत्या. पन तिची मराठी मले अजून रागावल्यासारखी वाटते."

"आणि दुसरं?"

"मेश्राम. तो हाय म्हनून माहे आकडे तरी मराठीत राह्यले."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा अर्थ कळला. अंगणात उन्हात दोन खुर्च्या, मध्ये चहा, आणि दोघांचं पाढ्यांचं युद्ध. "तेरा साते?" "एक्याण्णव!" हे त्यांचं रोज चालायचं. लोक व्यायाम करतात, हे दोघे पाढे करायचे, आणि तेही सगळे मराठीत.

मोहल्ल्यात टोपी

माजघरातल्या खोलीची मी अंधारकोठडी केली. ऊन आत शिरलं तर ते टोपीच्या डोळ्यांत जातं आणि सगळी मोजणी बिघडते. म्हणून खिडक्यांवर आत्याच्या गोधड्या लटकल्या. बाहेर अंगणात मोहल्ला जमला. पुण्यात प्रयोगाला माणूस मिळवायचा तर हातापाया पडावं लागतं. इथे मला रांग लावावी लागली. लोक बायकापोरांसकट येत होते, येताना पेरू आणत होते, आणि स्वतःचा नंबर झाल्यावरही घरी जायचं नाव घेत नव्हते.

काम सोपं होतं. टोपी घालून स्वस्थ बसायचं, मग शंभरातून सात वजा करत खाली यायचं, एकदा मराठीत आणि एकदा हिंदीत. शेजारच्या वंदनाताईंनी मराठीत झोकात सुरुवात केली: "त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, बहात्तर... पैंसठ, अट्ठावन, इक्यावन!" आणि शेवटपर्यंत हिंदीत उतरत गेल्या. मी म्हटलं, "ताई, मराठीत." त्या म्हणाल्या, "मंग मी कशात बोलून राह्यली?" माझ्या दृष्टीनं हे सोनंच होतं.

एक तरुण टोपी घातल्यावर घामाघूम झाला. "मैडम, इसमें नाम तो नहीं आता ना?"

"किसका नाम?"

तो लाजला आणि म्हणाला, "किसी का भी." स्वयंपाकघरातून आत्या ओरडली, "विचार कळत नाहीत, कष्ट कळतात!"

खरी अडचण होती तेलाची. इकडे डोक्याला तेल न लावणं म्हणजे आजारपण. तेल आणि दाट केस आले की उजेड आतल्या आत गुडुप होतो. कपाळावरचे दिवे चालतात, पण आकडेमोडीचं काम डोक्याच्या वरच्या मागच्या भागातही चालतं, आणि तिथे केसांचं रान. मी विणायच्या सुईने एकेकाचे भांग पाडत बसायचे. हे पाहून एका आजींनी मला पुण्याहून उवा बघायला आलेली बाई ठरवलं.

मग मेश्राम गुरुजी बसले. काय सांगू! टोपी त्या गुळगुळीत डोक्यावर अशी बसली, जणू त्याच डोक्यासाठी शिवली होती. एकेक दिवा स्वच्छ बोलायला लागला. हिंदीत आकडे मोजताना पडद्यावर जेमतेम गुलाबी छटा. मराठीत सुरू झाले आणि पडदा लाल, लाल, आणखी लाल! गुरुजी थांबत, श्वास घेत, पण एकही आकडा न चुकता खाली उतरले. असं सुंदर मोजमाप मला पुण्यात कधी मिळालं नव्हतं. मला इतका आनंद झाला की जे कधीच करू नये ते मी केलं. संगणक उचलून दारात नेला आणि पडदा अंगणाकडे फिरवला.

"पाहा रे!" गुरुजी टोपीसकट बाहेर आले. "पाहा मेश्रामचं डोकं! दिवाळी चालू हाय आत!"

टाळ्या पडल्या. वसंतकाका खुर्चीतून उठले, केसांवरून हात फिरवला आणि आत जाऊन बसले. मी गुरुजींच्या डोक्यावरची टोपी त्यांना घातली, सुईने अर्धा तास त्यांच्या डोक्यात रस्ता शोधला, पण सापडला नाही. पडद्यावर नुसत्या आडव्यातिडव्या रेघा आणि एकच सूचना: सिग्नल नाही.

दारातून गुरुजींनी ती वाचली. "वसंता, तुह्या डोक्यात नेटवर्कच नाही बे!"

अंगण हसून लोटपोट झालं. काकाही आधी हसले. मग त्यांचं हसू थांबलं आणि ते म्हणाले, "ज्याले येत नाही त्याचंच डोकं तापते, मेश्राम. हिंदीत तुले काहीच नाही झालं. मराठीत मातर आग लागली. म्हंजे काय? म्हंजे मराठी तुले येतच नाही. इतके वर्षं नुसतं सोंग करून राह्यला तू."

गुरुजी दारातून मागे सरले. चहाचा कप अर्धा होता, तो तसाच ठेवला. "येतो वहिनी," असं आत्याला म्हणाले आणि गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात दोन खुर्च्या होत्या आणि एकच माणूस होता.

मध्यस्थी

काका स्वतः जायला तयार नव्हते. आत्याने मला गुरुजींकडे धाडलं. तिच्या मते आग लावणाऱ्यानेच बादली न्यायची असते.

गुरुजींचं घर दोन गल्ल्या पलीकडे. दारात झेंडूचे ताटवे, आत बाबासाहेबांची मोठी तसबीर, शेजारी पृथ्वीचा एक गोल. गुरुजींच्या बायकोने, म्हणजे काकूंनी, मला काही बोलूच दिलं नाही, आधी पाटावर बसवलं. वालाच्या शेंगा आणि वांग्याची तिखटजाळ रस्साभाजी. पहिल्या घासाला माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. काकूंना वाटलं मी भांडणामुळे रडतेय, आणि त्याही पदर डोळ्यांना लावून बसल्या. मला खरं सांगायचा धीर झाला नाही. सहानुभूती म्हणून भाजी मात्र दुसऱ्यांदा वाढली गेली.

"गुरुजी," नाक पुसत मी म्हटलं, "त्या लाल रंगाचा अर्थ येत नाही असा होत नाही. तेवढे कष्ट पडले, एवढाच होतो. आणि काकांच्या डोक्यातलं मला दिसलं नाही ते केसांमुळे."

"मले मालूम हाय," ते म्हणाले. "मस्करी मी केली. मस्करीचा राग आला असता तर मी हात जोडले असते. पन सोंग म्हनला तो." मग थोडा वेळ पृथ्वीचा गोल बोटाने फिरवत बसले. "दुपारचा झोपते का तो? जेवते बरोबर?"

"अर्धी पोळी टाकतात."

"टाकू दे," ते म्हणाले, पण गोल फिरायचा थांबला.

हट्ट्याची बावडी

मी यायच्या आधीपासून ठरलं होतं की आपण तिघे हट्ट्याची बावडी पाहायला जायचं. आता आम्ही दोघेच निघालो. वाटेत आलूबोंडे खाल्ले. काकांनी सवयीने तीन मागवले आणि तिसऱ्याकडे बघत राहिले. तो मी खाल्ला.

बावडी म्हणजे नुसती विहीर नव्हे. जमिनीच्या पोटात बांधलेला वाडाच तो. दगडी पायऱ्या उतरत गेलो की एकेक मजला वर राहतो, खांबांच्या आड गारवा वाढत जातो, आणि खाली हिरवं, न हलणारं पाणी. वर चांगलं ऊन पडलं होतं आणि आत मला शाल आठवत होती. आमच्याकडे विहिरीत डोकावतात. इथे विहिरीत उतरून बसतात. जुन्या काळी म्हणे माणसं उन्हाळ्याच्या दुपारी इथेच मुक्काम करीत. मी एका खांबावरचं कोरीवकाम निरखत होते, तेवढ्यात मागून काकांचा आवाज आला, अगदी रंगात आलेला.

"हे पाह्य मेश्राम, हा दगड इथचा नाही वाटत..."

मी वळले. काका खांबावर हात ठेवून उजव्या बाजूला बघत होते, आणि उजव्या बाजूला कोणीच नव्हतं. आवाज पाण्यावरून घुमून परत आला. ते पायरीवर बसले. रुमाल काढून उगीच चष्मा पुसला.

मग त्यांनी विचारलं, "मंजू, खरं सांग. माह्या डोक्यात खरंच काही दिसलं नाही?"

"काका, केस आडवे आले हो. उजेड आतच गेला नाही. तुमचे केस नसते तर गुरुजींसारखंच सगळं स्वच्छ दिसलं असतं."

"केस नसते तर," ते म्हणाले. परतीच्या वाटेवर त्यांचा हात पुन्हा पुन्हा केसांवरून फिरत राहिला.

नेमकं कोण गेलं

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंगणात दात घासत होते. फाटक वाजलं आणि एक अनोळखी, चकचकीत टकलाचा माणूस आत आला. मी विचारलं, "कौन चाहिए?" तो म्हणाला, "मंजू, टोपी काढ."

माझ्या तोंडातला फेस तसाच राहिला. आत्या बाहेर आली, तिने किंकाळी फोडली आणि मग, माझ्या आत्याची ही तऱ्हाच आहे, पदर तोंडावर घेऊन इतकी हसली की तिला भिंतीला टेकावं लागलं.

घोटाळा न्हाव्याच्या दुकानात झाला होता. सगळ्या गावाला माहीत असलेले ते केस वस्तऱ्याखाली जाताना पाहून न्हाव्याने हळूच विचारलं होतं, "साहब, घर में सब...?" आणि काका, एवढ्या वर्षांचं वैभव मांडीवर पडताना बघून म्हणाले होते, "मत पूछ भैया. बस, निकाल दे."

झालं. न्हाव्याने दूधवाल्याला सांगितलं. दूधवाल्याने गल्लीला सांगितलं. आम्ही पोहे परतत होतो तोवर फाटकाशी माणसं जमू लागली, सगळी खाली मान घालून. एकाने तर लाकडांची चौकशी केली. काका कोणाकोणाला समजावणार? ते न्हाणीघरात जाऊन बसले.

आणि मग धावत, खरंच धावत, मेश्राम गुरुजी आले. एका पायात स्वतःची चप्पल, दुसऱ्यात काकूंची. मागून काकू, पदराने डोळे पुसत. गर्दी बाजूला झाली. गुरुजी पायरीपर्यंत आले आणि दारात आत्या उभी, हातात झारा.

"या भाऊजी," आत्या म्हणाली. "पोहे खाता?"

गुरुजींनी तिला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. "वहिनी... तुम्ही हायत?"

"मग कुठे जाऊ?"

गुरुजी मटकन पायरीवर बसले. काकूंनी आत्याला मिठी मारली, झाऱ्यासकट. त्या आवाजाने काका न्हाणीघरातून बाहेर आले. सकाळच्या उन्हात ते नवं डोकं लखलखलं.

"मंग कोन मेलं बे?" गुरुजी ओरडले.

"कोनीच नाही."

"मंग डोकं काहून काढलं?"

"तूच म्हनला ना नेटवर्क नाही म्हनून!"

गुरुजींना हसावं की मारावं कळेना. "रस्त्यानं रडत आलो ना मी, गाढवा! साऱ्या बालाघाटानं पाह्यलं! मले वाटलं वहिनी गेली, आन् तू एकटा..." काका खाली त्यांच्या शेजारी पायरीवर बसले. दोन्ही टकली डोकी शेजारी शेजारी. काका पुटपुटले, "सोंग म्हनाले नाही पाह्यजे होतं मी."

"नाहीच पाह्यजे होतं," गुरुजी म्हणाले. आणि आत्याकडे वळून, "वहिनी, पोहे द्या. आन् याले नका देऊ."

समाचाराला आलेल्या सगळ्या माणसांना आत्याने पोहे खाऊ घातले. लाकडांची चौकशी करणाऱ्याने दोनदा घेतले.

दुपारी पुन्हा गोधड्या लटकल्या. या वेळी खोलीत फक्त आम्ही तिघे, आणि पडदा भिंतीकडे. काकांच्या नव्या डोक्यावर टोपी घसरत होती, ती गुरुजींनी दोन्ही हातांनी धरून नीट बसवली. मराठीत काका झरझर उतरले. पडदा जवळजवळ कोरा. हिंदीत, ज्या हिंदीत त्यांनी सगळी नोकरी केली त्या हिंदीत, पडदा लाल होत गेला. मी आकडे अवघड केले, हजारातून तेरा. लाल आणखी गडद झाला, आणि मग एकदम विझला.

"हे काय झालं?" काकांनी नंतर पडद्यावर उमटलेली मोजणीची रेघ पाहून विचारलं.

"इथे तुम्ही प्रयत्न सोडून दिलात."

काका चमकले. "हौ. सोडलाच. म्हटलं, मरू दे." मग गुरुजींकडे बघून म्हणाले, "माहं हिंदीत लाल, तुहं मराठीत लाल. बरोबरी झाली."

"बरोबरी," गुरुजी म्हणाले. पण काका टोपी काढून आरशाकडे गेले तेव्हा ते त्यांच्या त्या विझलेल्या रेघेकडे पाहत राहिले, आणि मग स्वतःची जुनी रेघ पाहायला मागितली. ती शेवटपर्यंत लाल होती. कुठेच विझलेली नव्हती.

निघताना

निघायच्या दिवशी दोघेही स्टेशनवर आले. माझ्या पिशवीत चिन्नोर तांदूळ, पेरू, आणि आत्याने खास पाठवलेली सांबाराची जुडी. गाडी फलाटाला लागली. काका पाण्याची बाटली आणायला गेले, आणि गुरुजी खिडकीशी आले. आवाज खाली आणून म्हणाले, "बेटा, एक सांगू? वसंता बोलला ते खोटं नव्हतं."

"म्हणजे?"

"मराठी आमच्या घरचीच बोली. पन आकडे मी हिंदी शाळेत शिकलो. पहाडे, गिनती, सारं हिंदीत. वसंताची न् माही वळख झाली तवा मी बाप्या मानूस होतो, पोरं झालते मले. तो आकडे मराठीत बोलाचा. मले यायचे नाही. म्हनून घरी बसून शिकलो, लेकराच्या पुस्तकातून. अजून मनात पयले हिंदीच येते. मंग मी त्याचं मराठी करतो, आन् मंग बोलतो."

मी विचारलं, "रोज? इतकी वर्षं?"

"त्याच्यासंगं मराठीत मोजनारं दुसरं कोन हाय?" ते म्हणाले. "आन् त्याले सांगजो नको. त्याले वाटते मले लहानपनापासून येते."

काका बाटली घेऊन आले. "काय कुजबुज चालू हाय?"

"काही नाही," गुरुजी म्हणाले. "पुढच्या गाडीत हिची जागा कोनती ते इचारून राह्यलो होतो."

"कोनती हाय?"

मी मोबाइल खिडकीतून पुढे केला. गुरुजींनी चष्मा वर सरकवून तिकीट पाहिलं. ओठ हलले, आवाज न करता: उनचास. मग एक श्वास, कपाळावर एक बारीक आठी, आणि ते खणखणीत आवाजात म्हणाले,

"एकोणपन्नास."

"एकोणपन्नास," काका समाधानाने म्हणाले. "खिडकीजवळची असंन."

गाडी हलली. मी हात हलवत राहिले. दोघे फलाटावर उभे होते, आणि काका गुरुजींना हातवारे करून काहीतरी विचारत होते. अंतर वाढलं होतं, ऐकू येत नव्हतं. पण गुरुजींना उत्तर द्यायला एक क्षण लागला, तेवढा मला दिसला.